उतरवलेली चमक

भीमराव पहिल्यांदा आमच्या सोसायटीत आले तेव्हा त्यांनी बागेतल्या लाकडी डेकच्या कडेला चपला काढून ठेवल्या. वॉचमनला वाटलं, आता हा माणूस नमस्कार करणार. भीमराव म्हणाले, "फळ्या बघायच्यात. चपलेतून काही कळत नाही."

आणि ते चालत सुटले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत, मग आडवे. मध्येच थांबून टाच दाबायचे, वाकून नखाने फळी खरवडायचे, नख नाकाशी न्यायचे आणि पुन्हा चालू लागायचे. मी वही घेऊन त्यांच्या मागे. वीस मिनिटांत त्यांनी मला इतकं फिरवलं की शेवटी मीच बाकावर टेकलो. ते टेकले नाहीत. पुढे महिनाभर मी त्यांना जवळजवळ रोज पाहिलं, पण त्या बाकावर बसलेलं एकदाही पाहिलं नाही.

सोनिवलीतली आमची सोसायटी सहा वर्षांची. बिल्डरने जाहिरातीत दाखवलेला स्विमिंग पूल आला नाही, जॉगिंग ट्रॅक पार्किंगमध्ये गेला, पण डेक मात्र खरंच मिळाला. बागेच्या मधोमध, चाळीस फूट लांब, चौदा फूट रुंद, परदेशी लाकडाच्या फळ्यांचा. आम्ही बहुतेक जण चाळीतून नाहीतर वन रूम किचनमधून आलेलो. लाकडाची जमीन कुणी वापरलेली नव्हती, म्हणून आम्ही ती फरशीसारखी वापरली. रोज बादल्या ओतून धुतली, दिवाळीत तिच्यावर पणत्या मांडल्या, तेलाचे डाग जाईनात तेव्हा सफाईवाल्यांना बाथरूमचं ॲसिड आणून दिलं. सहा वर्षांत फळ्या राखाडी झाल्या, त्यांच्यावर म्हाताऱ्याच्या दाढीसारखे तंतू उभे राहिले, आणि फटींत माती बसून पाणी साचायला लागलं.

डिसेंबरच्या मीटिंगमध्ये ठरलं की सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाआधी डेक नीट करून घ्यायचा, आणि काम पसंत पडलं तर त्याच माणसाला वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट द्यायचं. माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी कमिटीत सगळ्यांत लहान, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला. आमच्या अध्यक्ष शालनताई निवृत्त नर्स, तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या. त्या म्हणाल्या, "सुयोग, तुझं शिक्षण त्यातलंच आहे, बघ." शिक्षण त्यातलं नव्हतं, पण मी बघितलं.

तिघे येऊन गेले. एका कंपनीचा माणूस टॅब आणि लाकडातली ओल मोजायचं यंत्र घेऊन आला आणि बूट न काढता पाच मिनिटांत गेला. दुसरा अंबरनाथचा, पाण्याच्या टाक्या धुणारा. त्याने जेट पंप एका कोपऱ्यावर चालवून दाखवला, तर फळीच्या चिंध्या उडाल्या. तिसरे भीमराव. त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. 'भीमराव साळवे, डेक क्लिनिंग व मेंटेनन्स, उल्हासनगर ४.' कार्ड इतकं कोरं होतं की त्याला अजून छापखान्याचा वास होता. मी विचारलं, आतापर्यंत किती डेक केले. ते म्हणाले, "दोन. पण दुसऱ्याच्या नावावर."

त्यांची हकिगत मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळत गेली, कारण ते काहीही चालता चालताच सांगायचे. पंधराव्या वर्षी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पेपर मारायला लागले. पेपर मारणं म्हणजे पॉलिशआधी लाकूड घासून गुळगुळीत करणं. पुढे त्यांचा हात बघून एका सिंधी सेठने त्यांना पॉलिशला घेतलं, आणि अठ्ठावीस वर्षं ते त्याच्याकडेच राहिले. सेठचा नियम होता, खालचे हात कुणीही देवो, शेवटचा हात भीमाच देणार. तो वाळला की सेठ टेबलाच्या टोकाशी वाकून वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब लाकडात बघायचा. प्रतिबिंब सरळ दिसलं तर माल शोरूममध्ये. जरा वाकडं दिसलं तर पुन्हा पेपर. "अठ्ठावीस वर्षांत माझी ट्यूबलाइट दोनदाच वाकडी निघाली," भीमराव सांगायचे.

मग कारखान्यांतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं तयार फर्निचर यायला लागलं. पॉलिशचं काम आटलं. सेठने भल्या मनाने त्यांना गोदामाच्या दारावर बसायला सांगितलं. बसायला! ते तीन महिने कसेबसे टिकले. त्यांच्या पत्नी द्रौपदीबाई म्हणाल्या, "यांच्या पायाला भिंगरी. सेठनं स्टूल दिलं, तर तिसऱ्या महिन्यात स्टूलच मोडून घरी आले." दोन वर्षं इकडेतिकडे दुसऱ्यांच्या हाताखाली फार्महाऊसची कामं केली. शेवटी मुलीने, ऋतिकाने, मोबाइलवर कार्ड बनवलं आणि शंभर छापून आणली. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम स्वतःच्या नावावर हवं होतं, आणि ते आमचं वर्षभराचं कंत्राट होतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला कळलं ते एवढ्यावरून की रोज काम संपलं की ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "ताई काय म्हणतात?"

पाच जानेवारीला काम सुरू झालं. द्रौपदीबाई आणि ते, दोघेच. ॲसिड आणि जेट दोन्ही त्यांनी बंद केलं. मोडक्या करवतीच्या पात्याने फटींतली सहा वर्षांची माती उकरून काढली. मऊ ब्रशने लाकडाच्या रेषेरेषेने धुतलं, तीन दिवस वाळू दिलं, मग पेपर मारला. राखाडी थराखालून मधासारखं लाकूड वर आलं. येणारे जाणारे थांबून बघायचे.

या सगळ्याचा वैताग फक्त एका माणसाला झाला. शंकरराव, वय पंचाहत्तर. आमच्या इमारती जिथे आहेत तिथे त्यांची भातशेती होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना पहिल्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आहे. रोज पहाटे साडेसहाला ते डेकवर अनवाणी फेऱ्या मारतात. का, तर म्हणे, "हितंच माजा बांध होता." आता दोरी बांधल्यामुळे त्यांना पार्किंगमध्ये फिरावं लागत होतं. ते दोरीशी उभे राहून भीमरावांना रोज विचारायचे, "कवा सोडतोस मना?" भीमराव म्हणायचे, "पंचवीस तारखेला, बाबा."

वीस तारखेला तेलाचा पहिला हात झाला, बावीसला दुसरा. तेल मी स्वतः त्यांच्याबरोबर जाऊन आणलं होतं. डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तेल पातळ लावा, लाकडाने जेवढं पिऊन घेतलं तेवढं राहू द्या, वरचं फडक्याने पुसून टाका. ते मी मराठीत वाचून दाखवलं होतं. त्यांनी तसंच केलं. डेक दिसायला छान झाला, पण मंद. उजेड पडला तरी परत येत नव्हता.

संध्याकाळी कमिटी बघायला आली. कुणी वाईट बोललं नाही, पण सगळे डोकं तिरपं करून कशाची तरी वाट बघत राहिले. एकजण म्हणाला, एवढं करून ओलं फडकं फिरवल्यासारखंच दिसतंय. शालनताईंनी सौम्यपणे विचारलं, थोडी चमक नाही का आणता येणार, सव्वीसला नगरसेवक येणार आहेत. मीही मान हलवली. भीमराव फळ्यांकडे बघत होते. त्यांचा उजवा हात पँटच्या शिवणीवरून खालीवर फिरत होता, न थांबता. ते म्हणाले, "आणतो."

तेवीस तारखेला ते स्प्रेगन आणि पीयूचे डबे घेऊन आले. पीयू म्हणजे घरातल्या फर्निचरवर मारतात ते पारदर्शक, काचेसारखं पॉलिश. मला तेलाच्या डब्यावरची ओळ आठवली. वरचं पुसून टाका, म्हणजे वर थर राहता कामा नये. मी ती बोललो नाही. माणूस अठ्ठावीस वर्षं हेच करतोय, त्याला मी काय सांगू, असं मनात म्हटलं. खरं तर चमक मलाही हवी होती. त्या दिवशी भीमराव वेगळेच दिसत होते. महिन्यात पहिल्यांदा त्यांचे पाय संथ पडत होते. गनचा हात एकाच वेगाने जात होता, परत येत होता. द्रौपदीबाई दोरीबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "आता बघा. आता हे सेठच्या दुकानात आहेत."

चोवीस तारखेला डेक आरशासारखा झाला होता. बागेतल्या दिव्याचा खांब त्यात उभाच्या उभा दिसत होता. भीमरावांनी टोकाशी वाकून तो बघितला. प्रतिबिंब सरळ होतं. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून फोटो. शालनताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कंत्राट यांनाच द्यायचं, सव्वीसला सगळ्यांसमोर जाहीर करू. मी भीमरावांच्या कानावर घातलं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पहाटे इथं दव पडतं का, सर?"

मी म्हणालो, पडतं, मागे डोंगर आहे ना.

पंचवीस तारखेला मी पहिल्या पाळीला निघालो होतो. सहा वाजून गेले असतील. गेटमधून बघतो तर भीमराव डेकजवळ उभे. उल्हासनगरहून इतक्या लवकर कसे आले, विचारलं तर म्हणाले, झोप लागेना, पहिल्या गाडीने आलो. डेकवर दवाचा पातळ थर होता. एका फळीवर बोट ओढल्याची रेघ उमटलेली होती.

"सर, बूट काढा. जरा चाला याच्यावर."

मी चाललो. तिसऱ्या पावलाला डावा पाय पुढे गेला आणि थांबेचना. भीमरावांनी माझा दंड धरला नसता तर मी कठड्यावर आपटलो असतो. बहुतेक त्यासाठीच ते माझ्या शेजारून चालत होते.

मागून शंकरराव आले. आज त्यांचा दिवस होता. त्यांनी चपला काढल्याही होत्या. भीमराव जवळजवळ धावतच दोरीपाशी गेले आणि दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"बाबा, आज नाही."

"पंचवीस बोललास तू."

"बोललो होतो. चुकलो."

शंकररावांनी दोरीवरून वाकून फळीवर नुसता अंगठा टेकवला, इकडेतिकडे सरकवून बघितला आणि काढून घेतला. म्हणाले, "शेवाल बरा याच्यापेक्षा. शेवालाला निदान रंग असतो, दिसतो तरी." आणि चपला घालून पार्किंगकडे गेले.

मी पाळी बदलून घेतली आणि शालनताईंना फोन करून खाली बोलावलं. भीमरावांनी त्यांना सगळं सरळ सांगितलं. चूक झाली आहे. दवात, पाण्यात यावर माणूस उभा राहणार नाही. शिवाय खाली तेल असल्याने हा थर लाकडाला धरलेला नाही, नुसता वर बसलाय. दोन महिन्यांत पापुद्रे निघतील. आज हा सगळा काढतो. उद्या डेक ओरबाडल्यासारखा दिसेल, पण पाय ठरेल. तेल नंतर परत लावीन, माझ्या खर्चाने.

शालनताईंनी डेककडे बघितलं, मग वर बाल्कन्यांकडे. उद्या सकाळी आठला झेंडा, नगरसेवक, मुलींचा नाच. त्या म्हणाल्या, सतरंज्या टाकू, सव्वीस होऊ द्या, मग बघू. भीमराव म्हणाले, सतरंजीच सरकेल, नाचणाऱ्या पोरींसकट.

मी मध्ये पडलो. म्हणालो, चमक आम्हीच मागितली होती, यांची एकट्यांची चूक नाही.

भीमराव माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण हात शिवणीवर थांबला होता.

"तुम्ही मागणारच, सर. तुम्ही पॉलिशवाले नाही. मी आहे. मला बावीस तारखेला माहीत होतं. मला फक्त माझी ट्यूबलाइट बघायची होती."

शालनताई म्हणाल्या, आणि मला वाटतं वॉर्डात वाईट बातमी सांगताना त्या अशाच बोलत असतील, "भीमराव, काढायचं तर काढा. पण उद्या लोक जे बघतील त्यावर बोलतील. कंत्राटाचं मी आता काही सांगू शकत नाही."

"नका सांगू," भीमराव म्हणाले आणि पिशवीतून खरवडायचा पत्रा काढून गुडघ्यांवर बसले.

साडेदहाला द्रौपदीबाई आणि ऋतिका घासायची दोन मशिनं घेऊन आल्या. मीही पँट दुमडून बसलो. पत्र्याची धार फळीला तिरपी लावून ढकलली की काचेसारखा थर उचलायचा, कुठे सालीसारखा लांब, कुठे नुसती भुकटी. जिथे तो सहज निघत होता तिथे भीमराव स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचे. मला वाटतं, मोजत होते, आपण किती चुकलो ते. बाल्कनीतून कुणीतरी ओरडून विचारलं की काल तर झालं होतं ना काम. द्रौपदीबाई मशिन बंद न करता म्हणाल्या, "झालं होतं. आता न झाल्यासारखं करतोय." अंधार पडायच्या आत सगळं उतरलं. डेक पांढुरका, ओरखड्यांचा, जागोजागी डाग पडलेला. महिन्यापूर्वी बरा दिसत होता असं वाटावं इतका वाईट.

दर सव्वीस जानेवारीला भीमरावांच्या वस्तीतल्या विहारात सगळे मिळून संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचतात. ते वीस वर्षांत कधी चुकलेले नाहीत, असं ऋतिकाने मला सांगितलं होतं. म्हणून ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण आठला दहा मिनिटं असताना ते पांढऱ्या शर्टात गेटमधून आत आले. विहारात उभं राहवेना, म्हणाले. 'आम्ही, भारताचे लोक' एवढं झालं आणि पाय स्टेशनकडे वळले.

दव होतं. डेकवर शंभरेक माणसं उभी राहिली, बाया, म्हातारे, नाचायच्या पोशाखातल्या मुली. नगरसेवकांनी खाली बघून रंगकाम अर्धवट आहे का, असं विचारलं. झेंडा वर गेला. सगळे झेंड्याकडे बघत होते. भीमराव शेवटच्या रांगेत सावधान उभे होते आणि त्यांची नजर लोकांच्या पायांवर होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर. मुलींचा नाच सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, ते तो संपल्यावरच उघडले. कुणी घसरलं नाही. न घसरण्याचा फोटो निघत नाही. ग्रुपवर फोटो आले ते पांढुरक्या, ओरबाडलेल्या डेकचे, आणि त्याखाली लोकांनी जे लिहिलं ते मी भीमरावांना दाखवलं नाही.

पुढच्या आठवड्यात ते रोज येऊन तेलाचे दोन हात देऊन गेले, पातळ, पुसून. काम झालं. कंत्राटाचा निर्णय मात्र होईना. ते एक दिवसाआड फोन करायचे. "ताई काय म्हणतात?" फोनमागे नेहमी रस्त्याचा आवाज, म्हणजे चालतच असायचे. फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये मतं घेतली. शालनताई आणि मी भीमरावांच्या बाजूने, बाकीचे पाच टॅबवाल्या कंपनीच्या. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. एकदा ज्याने चूक कबूल केली तो परत चुकणार नाही कशावरून, एवढंच ते विचारत होते.

हे फोनवर सांगवेना. रविवारी मी बाइक काढली. शंकरराव गेटवर भेटले. कुठे निघालास विचारलं, आणि कळल्यावर "मी पन येतो" म्हणून मागे बसले. वाटभर मला हळू चालव म्हणत होते.

भीमराव घराबाहेर गल्लीत एका जुन्या खुर्चीला पेपर मारत होते. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. हात चालूच होता. मग म्हणाले, "कंपनीवाल्यांना सांगा, मे महिन्यात तेलाचा एक हात द्यायचा. पातळ. आणि पुसायचं. पुसायला सांगाच, सर." खुर्ची फिरवून घेत, शंकररावांकडे न बघता विचारलं, "बाबा, चालता का सकाळी?"

"रोजच. आता बांधासारका लागतो पायाला," शंकरराव म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. "तुजा ता कार्ड दे."

भीमरावांना कळेना. शंकररावांनी सांगितलं की बारवी रस्त्याला भाच्याचं फार्महाऊस आहे, तळ्याकाठी असल्याच फळ्या टाकल्यात, मागच्या श्रावणात त्याची बायको त्यांच्यावरून पडली आणि हात मोडला. भाचा कुणावर भरवसा ठेवत नाही. "त्याला सांगतो, यो मानूस आपली चूक आपनच उकरतो."

ऋतिकाने आतून कार्ड आणून दिलं. अजून त्याला छापखान्याचा वास होता. शंकररावांनी ते टोपीच्या घडीत ठेवलं. द्रौपदीबाई चहा टाकते म्हणाल्या, आम्हाला बसा म्हणाल्या. आम्ही बसलो.

भीमराव उभेच होते. फळ्या कुठल्या लाकडाच्या, ऊन कुठून येतं, खालून हवा खेळते का, असं त्यांनी तीन-चारदा विचारलं. शंकररावांना यातलं काही सांगता येईना. द्रौपदीबाईंनी चहाचे कप बाहेर आणले तोवर भीमराव दाराशी चपला शोधत होते.